मागची थाळी

टण्... टण्... जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, थाळीवर पळीचा ठोका. फार वर्षांपूर्वी एका मैदानाच्या कडेला ऐकलेला हा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

एकदा एक गाव लढाईमुळे आपला देश सोडून निघालं. डोंगरातली वाट, दाट धुकं. त्या लोकांची रीत अशी, की सर्वांत मागच्याने थाळी वाजवत चालायचं. थाळी वाजते आहे तोवर मागे कुणी हरवलेलं नाही. ती थांबली, की सगळ्यांनी थांबायचं.

त्या दिवशी मागे एका लहान मुलीचा बाप होता. मध्येच थाळी थांबली. मुलगीही थांबली; पण गोळ्या सुटत होत्या, आईने तिला ओढत पुढे नेलं. बाप पुन्हा दिसला नाही.

मुलगी छावणीत वाढली. पाण्याच्या रांगेत नंबर लागावा म्हणून अनवाणी धावता धावता तिचे पाय तयार झाले. तिथल्या एका वृद्धाने ते पाय ओळखले आणि तिला लांब पल्ल्याची धाव शिकवली. शर्यतीत ती सर्वांना मागे टाकी. मात्र मागची पावलं ऐकू येईनाशी झाली, की तिचा वेग आपोआप मोडे, आणि दुसरीच कुणी जिंके.

"काय गं, सोबतीला थांबतेस का आमच्या?" बाकीच्या हसत.

वृद्धाने कुठूनशी एक थाळी आणली. सरावाच्या वेळी तो कडेला बसून ती वाजवू लागला. आता ती न थांबता धावू लागली.

निवडीची शेवटची शर्यत आली. जिंकली तर मोठ्या स्पर्धा, हरली तर कायमचा छावणीतला तंबू. सकाळी ती मैदानावर येऊन पाहते, तर वृद्ध त्याच थाळीत भात कालवत बसलेला.

"आजोबा, थाळीत जेवताय? मग वाजवणार कोण?"

"कुणी नाही. ये, घासभर खा."

"चेष्टा नका करू. आवाज थांबला की माझे पाय थांबतात, ठाऊक आहे ना तुम्हाला? मी दमले हो आजोबा."

"दमणारच. इतकी वर्षं बापाला पाठीवर घेऊन धावतेस." त्याने हातातला घास खाली ठेवला. "पोरी, तू वळून बघावंस म्हणून का तो थाळी वाजवत होता? 'मी आहे, तू चाल,' एवढंच त्याचं सांगणं. आवाज थांबला, सांगणं कुठे थांबलं? माझे हातही एक दिवस थांबतील. तेव्हा काय करशील?"

तिने एक घास घेतला. म्हाताऱ्याचं जेवण होईतो शेजारी बसून राहिली. मग थाळी उचलली, नळाखाली स्वच्छ धुतली, उन्हात पालथी घातली. कर्ण्यावर नावं पुकारली जात होती. ती रेषेकडे चालत गेली. वळून पाहिलं नाही.