कवडीच्या पंखाखालची राजकन्या

एका राज्यात डोंगर रात्री कूस बदलत आणि नद्या पूर येण्याआधी निरोप धाडत. त्या राज्याची राणी होती भानुमती. तिच्यापाशी धन होतं, धान्य होतं, केतकी नावाची सात वर्षांची लेक होती, आणि काळजी होती. काळजीला कारण लागतंच असं नाही. केतकी शिंकली की राणी वैद्याला बोलवी, केतकी हसली की दृष्ट काढी, आणि केतकी गप्प बसली की दोन्ही करी. राजा मकरध्वज म्हणे, "देवी, तुम्ही पोरीला वाढवता की राखता?" राणी म्हणे, "महाराज, राखल्यावाचून ती वाढेल कशी?"

राज्याच्या शिवेवर पुरुषभर उंच वारूळ होतं. त्यात वारुळाई नावाची जोगीण राही. तिने राजवाड्याला एक कोंबडी आहेर दिली होती, पांढऱ्यावर करडे ठिपके, म्हणून नाव कवडी. बोलणारे पक्षी त्या राज्यात पुष्कळ, पण कामापुरतं बोलणारी ही एकच. देताना जोगिणीने बजावलं होतं, "हिची अंडी खुशाल खा. पण ही खुडूक होऊन अंड्यांवर बसली की हिच्याखाली हात घालू नका."

केतकीचा वाढदिवस आला. शेजारपाजारचे राजे पंगतीला आले. ऐन वेळी मुख्य आचारी हात जोडून उभा राहिला. "राणीसरकार, शेवटच्या पंगतीला अंडी कमी पडतात."

पाहुणे नावं ठेवतील, पोरीच्या दिवसाला गालबोट लागेल! राणी म्हणाली, "परसात कवडी बसली आहे. तिच्याखालची उचला."

अंडी उचलली. कवडी ओरडली नाही, टोचली नाही. रिकाम्या टोपलीत पंख फुगवून बसून राहिली.

पंगतीत वाट्या ओठांना लागणार तोच वारुळाई दारात उभी राहिली. "राणी," ती म्हणाली, "उबेतलं लेकरू उचलून नेणं कसं असतं, हे तुला ठाऊक नाही. आता ठाऊक होईल." तिने मूठभर माती फुंकली. रश्श्यातल्या अंड्यांनी आपापली कवचं पुन्हा अंगावर चढवली, वाट्यांतून उड्या टाकल्या आणि घरंगळत ती परसातल्या टोपलीत गेली. आठ होती. मागून नववं निघालं, ते केतकीच्या पाटावरून. पाटावर केतकी नव्हती, तिचा नुसता परकर पडला होता. राणी किंचाळत मागे धावली, तोवर टोपली एकदा आपसूक हलली आणि नऊच्या नऊ अंडी सारखी दिसू लागली.

"ऐक," जोगीण म्हणाली. "पहिली अट, अंडं फुटेल ते आईच्या उबेनं, दिव्याच्या नव्हे. दुसरी, पिल्लांतलं तुझं कोणतं ते हुडकू नकोस. तुझ्या लेकीला तू इतरांहून जास्त जपलंस तर ती पक्षीच राहील. तिसरी, वेळ झाली की सगळ्यांना दाराबाहेर हाकल. हाक न मारता तुझी लेक उंबरा ओलांडून परत आली, तरच ती पुन्हा माणूस होईल."

एवढं सांगून ती गेली. त्या दिवसापासून राज्यातले कोंबडे आरवेनात. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरं. तांबडं रोज फुटत होतं, पण उठवणारं कुणी नव्हतं. दरबार दुपारी भरू लागला आणि प्रधान जांभया देत न्याय करू लागला.

राणी मात्र झोपलीच नव्हती. ती परसात गेली. कवडी टोपलीकडे पाठ करून भिंतीशी उभी होती.

"कवडे, अंडी परत आली. बैस त्यांच्यावर."

"रश्श्यातून आलेली अंडी," कवडी म्हणाली. "जीव आहे की नाही, कुणास ठाऊक."

"त्यांत एक माझी केतकी आहे."

"आठ माझी होती. तेव्हा कुणी विचारलं नाही."

ती राणी होती, पण तिथेच मातीत बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. कवडीने मान वळवून पाहिलं. "बसते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. अंडी गार पडताहेत म्हणून."

मग तिने कामं सांगितली. टोपलीत तळाला राख, राखेवर कडुनिंबाचा पाला, वर भुसा, म्हणजे पिसवा होत नाहीत. अंडी विषम हवीत, ती होतीच. ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून पूर्वापार टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात. राणीने राजाची कट्यारच आणून ठेवली. राजाने कमरेला चाचपून पाहिलं.

कवडी बसली, आणि राणी कवडीसमोर बसली. सकाळी कवडी दाणा-पाण्याला उठली की राणीचा जीव खालीवर होई. "लवकर ये, गार होतील!" कवडी म्हणे, "थोडी गार होऊ द्यावीत." राणी हळूच शाल पांघरी. कवडी येऊन म्हणे, "शाल काढा. त्यांनाही श्वास घ्यायचा असतो." राणी शाल काढी आणि स्वतःचा श्वास रोखून धरी. आत केतकी आहे, अंधारात आहे, एवढीशी झाली आहे, तिला भीती वाटत असेल. यापलीकडे तिला काही सुचत नसे.

तीन आठवडे भरले आणि आतून टकटक झाली. एका अंड्याला चीर पडली. आतलं पिल्लू टोची मारी, थांबे, पुन्हा मारी. मग बराच वेळ हललंच नाही. राणीने कवच सोलायला बोट पुढे केलं.

"हात लावू नका," कवडी म्हणाली. "सोलून काढलेलं पिल्लू पायांवर उभं राहत नाही."

राणीने हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने धरून ठेवला. सांजेपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली, नऊही पिवळी, नऊही पाठीवर काळी रेघ असलेली. पहिली अट पुरी झाली.

राजा हरखला. त्याने चांदीचं खुराडं घडवलं, आत मखमल अंथरली, चारही बाजूंनी झाकलं आणि बदामाचा कूट घातला. राणीला बरं वाटलं. इथे मुंगूस येणार नाही, मांजर येणार नाही, वारासुद्धा यायचा नाही! पण काही दिवसांत पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात पेंगू लागली.

"मखमल ओली राहते," कवडी म्हणाली. "यांना ऊन हवं, लोळायला राख हवी, उकरायला माती हवी. आणि बदाम नको, वाळवी हवी."

वाळवी वारुळाईची प्रजा. राणीने मडक्यात ओला पेंढा आणि शेण भरलं, स्वतः शिवेवर जाऊन ते वारुळावर पालथं घातलं. वारुळातून म्हातारी वाळवी वर आली.

"कुणासाठी?"

"नऊ पिल्लांसाठी."

"नऊंसाठी?"

"नऊंसाठी," राणी म्हणाली. जिभेने नऊ म्हटलं, मनात एकच होतं. वाळवीने मान हलवली आणि सकाळपर्यंत मडकं भरलं.

ऊन, राख आणि वाळवी मिळाली तशी पिल्लं तरतरीत झाली. खुराड्याचं दार दिवसभर उघडं राहू लागलं. राणी मात्र झुरू लागली, कारण तिने ओळखायचं नाही ते ओळखलं होतं, निदान तिला तसं वाटलं होतं. एक पिल्लू झोपताना मान डावीकडे टाकी. केतकीही अशीच झोपे! अट तिला पाठ होती. तरी मन म्हणे, एक बदाम दिला म्हणून काय होतंय? एकदा मांडीवर घेतलं म्हणून काय होतंय? आईच्या मनाला असले हिशेब पटकन जमतात.

एके दुपारी ती त्या डावीकडे मान टाकणाऱ्या मानमोड्या पिल्लाला मांडीवर घेऊन बदाम भरवत बसली होती. दुसरं एक पिल्लू बदामाच्या वासाने तिच्या पायाशी घुटमळत होतं. तिने त्याला पायाने जरासं बाजूला सारलं. तेवढ्यात कवडी कर्रर करून ओरडली. सगळी पिल्लं तिच्या पंखाखाली पळाली. पायाशी घुटमळणारं तेवढं उघड्यावर राहिलं. वरून सावली आली, खाली धूळ उडाली, आणि घार आभाळात लहान होत गेली.

राणीच्या मांडीवरचं पिल्लू खाली पडलं. "कवडे! ते कोणाचं होतं?"

"मला काय ठाऊक," कवडी म्हणाली. "माझ्या उबेला नऊही सारखी होती."

मांडीवरचं केतकी असेल तर बदाम भरवून तिला कायमची पक्षी करून ठेवली. गेलेलं केतकी असेल तर तिला स्वतःच्या पायाने घारीच्या तोंडी दिलं. राणीने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, आणि दोन्हीकडून तिचा जीव जाऊ लागला.

राजाने धनुर्धर बोलावले, आभाळावर जाळं पसरायचा हुकूम केला. राणी म्हणाली, "नको, महाराज. झाकलीत तर आजाराने जातात, उघडलीत तर घारीने. पहारा मी करीन." तिने परसभर बोरीच्या काट्यांचे ढीग रचले, म्हणजे पिल्लांना झटकन दडता येईल. मग ती मधोमध बसली, रिकाम्या मांडीने, नजर आभाळाकडे लावून. त्या दिवसानंतर तिने कोणत्याही पिल्लाला उचललं नाही. दाणे टाकले ते आठांना सारखे. मानमोडं पिल्लू येऊन पदर ओढी, तेव्हा ती ओठ चावून दुसरीकडे बघे. ज्यांच्याकडे आजवर नीट पाहिलंही नव्हतं, त्यांचीही तिला आता तितकीच धास्ती वाटे.

पिल्लांना पिसं फुटली, पाय लांब झाले. मग एका सकाळी दाणा मागायला आलेल्या पिल्लाच्या डोक्यात कवडीने टोची मारली. पाठोपाठ दुसऱ्याला, तिसऱ्याला.

"अगं, काय करतेस!" राणी धावली.

"माझ्यापासून तोडते आहे," कवडी म्हणाली. "आता माझ्या मागे फिरली तर मी असेपर्यंतच जगतील. तुमचीही वेळ झाली, राणीबाई. दार उघडा."

राणीने परसाचं दार उघडलं. निरगुडीची छडी हातात घेतली. पिल्लं तिच्याकडे बघत राहिली, दाणे मिळतील म्हणून पायाशी आली. राणीने छडी जमिनीवर आपटली. "हाड! जा!" ती ओरडली. आठही पिल्लं पंख फडफडवत पळाली. मानमोडं दारात थबकलं, त्याच्याही मागे छडी वाजली. बाहेर कुत्री होती, कोल्हे होते, तीच घार होती. दिवसभर राणी उंबऱ्याच्या आत बसून राहिली. पाणी समोर ठेवलं होतं, ते तिने प्यायलं नाही.

दिवेलागण झाली. पहिलं आलं ते मानमोडं. राणी उठून उभी राहिली. त्याने उंबरा ओलांडला, पिसं झटकली आणि ते खुराड्यात जाऊन बसलं. पिल्लूच होतं ते. मग तीन आली. मग दोन. मग आणखी एक, लंगडत. प्रत्येकाने उंबरा ओलांडला आणि प्रत्येक पिल्लू पिल्लूच राहिलं.

सात झाली. एक आलं नव्हतं.

"कवडे, अंधार पडतो आहे. एकदाच ती ती ती करून हाक मारते."

"मारू नका."

"वाट चुकलं असेल!"

"असेल," कवडी म्हणाली. "तरी मारू नका."

राणीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. घारीनं नेलेलं तेच होतं, तिला वाटलं, पायाने सारलं तेच माझं होतं. इतक्यात काट्यांच्या ढिगापलीकडून, घाई न करता, एक पिल्लू चालत आलं. ते सगळ्यांत शांत होतं, राणीच्या नजरेत कधी न भरलेलं. उंबऱ्यापाशी थांबलं. आत बघितलं. एक पाय उचलला, मग दुसरा.

उंबऱ्याच्या आत केतकी उभी होती. केसांत कडुनिंबाचा पाला, नखांत माती. "आई," ती म्हणाली, "वारुळापाशी वाळवी फार होती, म्हणून उशीर झाला."

राणीने तिला कवटाळलं आणि मोठ्याने रडली. राजा धावत आला. त्याच क्षणी राज्यातले सगळे कोंबडे एकदम आरवले, आणि रात्र पडायच्या वेळी लोकांनी उठून तोंडं धुतली.

लेकीच्या खांद्यावरून राणीला खुराड्याचं दार दिसत होतं. तिथे कवडी उभी राहून आत बघत होती. एकेक पिल्लू बघून झालं की मान हलवी.

"कवडे," राणी हळूच म्हणाली, "माझी आली. म्हणजे घारीनं नेलं ते..."

"माझं," कवडी म्हणाली. "आता कळलं." मग ती म्हणाली, "उद्या पाऊस आहे. राख कोरडी ठेवा."

तेव्हापासून त्या राज्यात बसलेल्या कोंबडीखाली कुणी हात घालत नाही, राजासुद्धा नाही. केतकी शिंकली की राणी अजून वैद्याला बोलावते. स्वभावाला औषध नाही. पण परसाचं दार दिवसभर उघडं असतं आणि सांजेला खुराडं झाकायला राणी स्वतः जाते.

"किती?" कवडी विचारते.

"आठ," राणी म्हणते.

आत सातच असतात, आठवं घारीनं नेलेलं. कवडी पंख पसरून दाराशी बसते. भानुमतीची लेक जशी आपल्या पायांनी घरी आली, तशी सगळ्यांची लेकरं दिवेलागणीला घरी येवोत.