गुरुजींच्या पायलीची शीग

एका गावात एक सुतार होता, भागोजी. हात असा सफाईदार की त्याने बसवलेला सांधा नखाला लागायचा नाही. नजर मात्र सदा शेजारच्या ताटात.

त्या गावात पगार म्हणजे धान्य. ज्वारीची मळणी झाली की शेतकरी खळ्यावरच्या राशीतून प्रत्येकाचं बलुतं मोजून द्यायचा: सुताराचं, लोहाराचं, कुंभाराचं आणि शाळेच्या निळकंठ गुरुजींचंही. माप सगळ्यांना पायलीचंच, पण एक फरक होता. बाकीच्यांची पायली काठोकाठ भरायची आणि गुरुजींच्या पायलीला शीग असायची. काठाच्या वर दाण्यांचा छोटा डोंगर करायचा आणि तो न सांडता त्यांच्या पोत्यात ओतायचा. जुन्या लोकांनी हे ठरवलं त्याला कारण होतं. गुरुजींना ना शेत, ना दुसरा धंदा. भागोजीला बलुत्याखेरीज गाड्यांची मजुरी वेगळी मिळायची.

पण मत्सराला कारणं ऐकू येत नाहीत. भागोजीला ती शीग दिसायची आणि घास कडू व्हायचा. आपण उन्हात लाकूड तासतो, हा सावलीत बसून पोरांकडून बाराखडी घोकून घेतो. आपल्याला गाव ‘अरे सुतारा’ म्हणतं, ह्याला ‘गुरुजी, बसा’ म्हणतं. त्यात त्याची पोर गोदी शाळेतून आली की दिवसभर ‘गुरुजी म्हणाले, गुरुजी म्हणाले’. घरातसुद्धा माणसाची सुटका नव्हती.

त्याची बायको साळू एकदा म्हणाली, “अवो, एवढं सलतंय तर आपल्या पायलीलाही शीग मागा की. लाज कसली?”

“मला नको.”

“मग हवंय तरी काय?”

“त्याला नको, एवढंच.”

साळू भाकरी थापता थापता थांबली. “म्हणजे शेजाऱ्याची चूल विझली की तुमची भाकरी भाजली जाणार का?” भागोजी पाणी प्यायला उठला.

त्या वर्षी शाळेचं छप्पर फार गळू लागलं. गुरुजी चावडीवर येऊन म्हणाले, “दोन वासे बदलायला हवेत. पोरं कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात.” बापूजी पाटलाने नेहमीप्रमाणे कान खाजवला. गावाला शाळा हवी होती, खर्च तेवढा नको होता. भागोजीने ती वेळ साधली.

“पाटील,” तो म्हणाला, “वासे मी बदलीन, पण पैसे आणायचे कुठनं? गुरुजींच्या शिगेतनंच येतील. माणूस सगळा सारखा, मग माप सारखं का नको?”

सारखं माप हा शब्द कानाला किती गोड. पाटलाला तर तो गुळासारखा लागला. “बरं बोललास,” तो म्हणाला. “शीग उतरवायला पट्टी लागेल. कोण करणार?”

“मी करतो. मजुरी नको.”

जन्मात भागोजीने फुकट केलेलं एवढं एकच काम. शिसवीची पट्टी त्याने आरशासारखी तासली आणि खालच्या अंगाला मधोमध बोटभर पोट ठेवलं. वरून कुणाला दिसायचं नाही. पायलीवर फिरवली की शीग तर जायचीच, शिवाय काठाच्या आतलेही मूठभर दाणे बाहेर यायचे. मत्सराचं हे असं असतं. त्याला बरोबरी पुरत नाही, समोरचा खाली गेलेला दिसावा लागतो.

खळ्यावर गुरुजींचं पोतं उघडलं आणि पट्टी फिरली. गुरुजींनी ती हातात घेतली, खालून अंगठा फिरवला आणि परत केली.

“हात चांगला आहे तुमचा, भागोजी,” एवढंच ते म्हणाले.

त्या दिवशी भागोजीला भाकरी गोड लागली. उतरवलेल्या दाण्यांचे वासे मात्र झाले नाहीत. ते पाटलाच्या कणगीत गेले, आणि छप्पर गळतच राहिलं.

घरात धान्य पुरेना, तसे गुरुजी दुपारनंतर लोकांच्या मळ्यात भुईमूग उपटायला जाऊ लागले. शाळा अर्ध्या दिवसाची झाली. मग एके सकाळी ते पेटी घेऊन भागोजीच्या दारात आले. “बिजागरी निखळलीय. बसवून द्या.”

“कुठं निघालात?”

“नदीपलीकडच्या गावात. ते शीग लावून देतात.”

“शीग पाहून चाललात म्हणा की,” भागोजी टोमणा मारून म्हणाला.

“हो. मलाही दोन लेकरं आहेत. ती उपदेशावर वाढत नाहीत.” गुरुजींनी मजुरी मोजून हातावर ठेवली आणि गेले. गेला तो गेला, तिकडेही त्याला शीगच मिळणार, हेच भागोजीला जास्त टोचलं.

शाळेला कडी लागली, आणि कुणीतरी आत वासरं बांधली. गोदी जोडाक्षरांपाशी आली होती, तिथेच राहिली. शेळ्या हाकत जाताना ती शाळेच्या भिंतीवरचं वाचायची आणि जोडाक्षर आलं की थांबायची. बापाला विचारायची, “बाबा, पुढं काय?” बापाला तरी कुठे येत होतं.

पुढची मळणी आली. भागोजी आपलं पोतं घेऊन पाटलाच्या खळ्यावर गेला. पायली भरली, आणि पाटलाने ती शिसवीची पट्टी काढली.

“पाटील, ही तर गुरुजींपुरती होती.”

“सारखं माप म्हणणारा तूच ना? गुरुजी गेला. मग पट्टी काय पुजायला ठेवू?”

पट्टी फिरली. आतले मूठभर दाणे पुन्हा राशीत पडले. पाटलाला वाटलं, काठोकाठचं माप ते हेच. पट्टीला पोट आहे हे गुरुजी गेल्यावर गावात फक्त भागोजीला ठाऊक, आणि सांगावं तर आपलीच चोरी सांगावी लागणार. त्याने पोतं खांद्यावर घेतलं. त्याच्यामागे लोहार होता, कुंभार होता. त्यांच्याही पायलीवरून ती फिरली.

घरी पोतं उचलताच साळूच्या हाताला कळलं. ती म्हणाली, “शीग मागा म्हणत होते मी.”

मग भागोजी पाटलाकडे गेला. पट्टी तासून देतो म्हणाला, घरी आणली आणि चुलीत घातली. जळेपर्यंत तिथून हलला नाही. लाकूड आगीने खाल्लं, असं सांगून मोकळा झाला.

पुढच्या मळणीला तो निर्धास्त गेला. पायली भरली. पाटलाने सवयीने पट्टीसाठी इकडे तिकडे पाहिलं, हसला, तळहात पायलीवर टेकवला आणि मधोमध किंचित दाबून सर्रकन फिरवला. मूठभर दाणे राशीत पडले.

पट्टी जळली होती, पण पाटलाच्या हाताला तिचं वळण लागलं होतं.

तात्पर्य: दुसऱ्याचं माप उतरवायला जो हत्यार घडवून देतो, त्याचं माप त्याच हत्याराने उतरतं, आणि पोरांची शाळा फुकट बुडते. शिकवणाऱ्याच्या शिगेवर जळू नका. आपल्याला कमी पडत असेल तर ताठ उभं राहून आपल्यालाही शीग मागा.