तीनशे पायऱ्यांवरची कचेरी

राजा वीरभानाचं फर्मान तसं चांगलंच होतं. दरबारच्या प्रत्येक खात्यात विसामागे एक जागा पांगळ्या माणसाला द्यायची आणि तिचा अर्धा पगार खजिन्यातून. घोळ घातला तो दिवाण त्र्यंबकपंतांनी. अर्ज घ्यायची कचेरी त्यांनी थाटली सांबरगडाच्या ऐन माथ्यावर, तीनशे पायऱ्या चढून गेल्यावर. वर दारावर नियम लावला: अर्जदाराने स्वतः हजर व्हावे, कोणी उचलून आणल्यास अर्ज बाद.

तीन वर्षं कारकून रोज दौत भरून बसायचा आणि शाई रोज वाळायची. पांगळं म्हणावं असं एक माणूस वर चढलं नाही. दिवाणजींनी महाराजांना कळवलं, की आपल्या पुण्याईनं राज्यात आता पांगळं कुणी उरलेलंच नाही. महाराज इतके खूश झाले, की त्यांनी दिवाणजींच्या खांद्यावर शाल घातली आणि दसऱ्याला ती कचेरी बंद करायची असं ठरवून टाकलं. माणसंच नाहीत तर कचेरी कशाला?

आता गंमत अशी, की गडाच्या पायथ्यालाच भिवरा राहत होती. तिच्या पायांत लहानपणापासून जोर नव्हता. पाटावर बसायची आणि हातांनी सरकत जायची. बाप दोरखंड वळणारा होता. त्याच्याशेजारी बसून बसून तिचे हात असे तयार झाले होते, की दोर मुठीतून सोडला की डोळे मिटून सांगायची, इथला पीळ सुटलाय, इथं आतून कुजलंय. पण बाप गेला आणि ती भावाच्या घरी जेवू लागली. भावजय तशी वाईट नव्हती, पण ताट पुढे सरकवायची ते जरा जोरातच. आमटी ताटाबाहेर यायची. भिवराला स्वतःच्या कमाईची आमटी हवी होती.

आणि गडावर जागाही होती, तीही दोर तपासणाऱ्याची. धान्य, तूप, भाजीपाला पायऱ्यांवरून कोण नेणार? कड्यावर मोठी कप्पी बसवली होती. वर दोन बैल दोर ओढायचे आणि खालून भरलेला हारा, म्हणजे माणूस मावेल एवढी टोपली, वर जायचा. दोर तपासायची जागा फर्मानाप्रमाणे राखीव, म्हणून तीन वर्षं रिकामी, म्हणून तीन वर्षं दोराकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी भिवरा पाट सरकवत कड्याखाली गेली. हारे भरणारा म्हादबा नुकताच भोपळ्यांची खेप वर पाठवून घाम पुसत होता. हारा खाली आल्यावर तिनं वरून दोर सैल सोडवून घेतला, मुठीतून सोडला आणि एका जागी थांबली. बाहेरून धड, आत नुसता भुसा. म्हादबानं वर कड्याकडे पाहिलं, मग आपण रोज उभे राहतो त्या जागेकडे, आणि दोन पावलं मागे सरकला. भिवरानं कुजका तुकडा कापून काढला, दोन्ही टोकांचे पदर एकमेकांत विणून घट्ट सांधा केला आणि म्हणाली, "म्हादबाकाका, आता मला चढवा."

"काय बोलतेस पोरी! हाऱ्यातून माणूस चढवायची मनाई आहे."

"पांगळं माणूस राज्यात उरलंच नाही, असं दिवाणजींनी लिहून दिलंय ना? मग मी आहे कुठं? तुम्ही रिकामा हारा वर पाठवताय."

म्हादबानं डोकं खाजवलं. पटलं त्याला. बैलांना हाक गेली.

वर दरबार भरला होता. भिवरा हातांवर सरकत थेट सदरेपुढे आली, कुठून आली, कशी आली ते सांगितलं आणि दोराच्या कामासाठी अर्ज केला. त्र्यंबकपंतांनी शाल सावरली.

"वर आलीस ना? मग तू पांगळी नाहीस. अर्ज बाद."

"दिवाणजी, माझ्याआधी याच हाऱ्यातून बारा भोपळे आले. त्यांना पाय आहेत असं दप्तरी लिहा, मग त्याखाली माझंही लिहा."

दरबारात खसखस पिकली. दिवाणजी लालबुंद झाले. म्हणाले, बरं, पांगळी तर पांगळी, पण बैलांनी ओढून आणलेली. जो आपल्या पायांनी गड चढत नाही, त्याला गडावर जागा नाही. महाराजांनीही मान डोलावली. नियमाच्या बाबतीत ते भारी हट्टी होते. याला उत्तर असेल तर दे, नाहीतर आल्या हाऱ्यातून खाली जा, असं त्यांनी बजावलं.

भिवरानं कनवटीला खोचलेला तो कुजका दोराचा तुकडा काढून महाराजांच्या हातावर ठेवला. आज सकाळी गडाची भाजी याला लटकून आली, एवढंच सांगितलं. महाराजांनी चिमटीत धरताच आतून भुसा गळू लागला. मग ती म्हणाली, "नियम चांगला आहे महाराज. फक्त सगळ्यांना लावा. दिवाणजी डोलीतून वर येतात, चार भोयांच्या पायांनी. खजिनदार मेण्यातून. आपण पालखीतून, आठ जणांच्या."

महाराजांनी आपल्या मऊ जोड्यांकडे पाहिलं. वर्षानुवर्षं तळ न झिजलेले जोडे ते!

"म्हणजे नियम लावला, तर उद्या गडावर उरेल कोण?"

"भोई उरतील, महाराज. राज्य त्यांच्या हाती द्यावं लागेल. भार वाहायची त्यांना सवय आहेच."

महाराज असे हसले, असे हसले, की डोक्यावरचा मंदील तिरका झाला. भिवराला त्यांनी दोर तपासायची जागा दिली, साडीचोळी दिली, हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. कचेरी उद्यापासून पायथ्याला, असा हुकूम सोडला. तिथं दिवाणजींनी जातीनं बसायचं, आणि आज खाली उतरताना डोली मिळणार नाही!

त्र्यंबकपंतांनी तीनशे पायऱ्यांकडे पाहिलं आणि नकळत गुडघे चोळले.

"दिवाणजी, हारा रिकामाच खाली जातोय," भिवरा म्हणाली. "या बसायला. दोर मी तपासलाय."