बंबावरची तिरकी अक्षरं

चांदसुरे नगरपालिकेत नवा बंब आला आणि त्यावर नाव रंगवायचं काम शेवंता पेंटरकडे गेलं. आठ दिवस खपून तिनं 'अग्निशमन' लिहिलं. अक्षरं ठसठशीत, वेलबुट्टी नसलेली, सगळीकडे सारख्याच जाडीची आणि पुढे झुकलेली. चौकाच्या पलीकडूनही वाचता यायची.

उद्घाटनाच्या सकाळी मुख्याधिकारी निमकर आले. शिस्तीचा मोठा बडेजाव असलेला माणूस. बंब बघताच ते कडाडले, "ही काय अक्षरं? दारू प्यायल्यासारखी कलंडलीत! सरकारी अक्षर कसं ताठ उभं पाहिजे, माझ्यासारखं. आत्ताच्या आत्ता खरवडून काढा!"

जमलेले लोक फिदीफिदी हसले. शेवंता मात्र डगमगली नाही.

"खरवडते, साहेब. फक्त आधी सरावाची घंटा वाजवायचा हुकूम द्या."

हुकूम सोडायला साहेबांना केव्हाही आवडायचं. घंटा घणघणली, तशी अग्निशमन केंद्रातून सात जवान सुटले आणि कमरेपासून पुढे झुकून थेट बंबाकडे धावले.

"साहेब, यातला कुणी कलंडलाय का?"

"कलंडतील कशाला? धावतायत ते!"

"माझी अक्षरंही धावतायत, साहेब. आग लागल्यावर ताठ उभे राहतात, ते बघे."

सगळ्यांच्या नजरा ताठ उभ्या साहेबांकडे वळल्या आणि एकच हशा उसळला. "राहू द्या तशीच," साहेब पुटपुटले, "आणि रुग्णवाहिकाही हिच्याकडूनच रंगवून घ्या."

मग पुजारी नारळ घेऊन पुढे आला. तो फोडायला निमकरसाहेबांना त्या अक्षरांपुढे चांगलं वाकावं लागलं.