पाहुण्यांच्या महालातले चित्र

एका राज्यात रणधवल नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या वाड्यात पाहुण्यांसाठी एक वेगळा महाल होता. पलंग चंदनाचा, गादी शेवरीच्या कापसाची, खिडकीशी चाफा. आणि पलंगासमोरच्या भिंतीवर, पार छतापर्यंत, राजाच्या विजयाचे चित्र: उधळलेले घोडे, उपसलेल्या तलवारी आणि मागे जळणारे एक गाव. पाहुण्याने डोळे उघडताच आपला पराक्रम पाहावा, अशी राजाची हौस.

एकदा कपिलाक्ष नावाचा जादूगार दूरवरून चालत आला. राजाने त्याला त्या महालात उतरवले. कपिलाक्षाने चित्र पाहिले आणि तो आल्या पावली मागे फिरला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "राजा, इथे जो पाहुणा पाठ टेकील, तो या चित्रात जाईल."

आणि तसेच झाले. आधी एक अत्तरवाला गेला, मग एक वीणा वाजवणारी बाई, मग राजवैद्याचे गुरू. घोड्यांच्या पायांत तीन नवी माणसे धावताना दिसू लागली. चित्र उतरवावे म्हटले, तर खिळ्याला हात लागताच आतली माणसे किंचाळत. राजाने महालाला कुलूप घातले, आणि भीतीने राज्यात पाहुणे येईनासे झाले.

पाच वर्षांनी राजाची थोरली लेक इंदुलेखा माहेरी आली. तिच्या इतमामाला साजेशी दुसरी जागा वाड्यात नव्हती. राजा म्हणाला, "लेक काय पाहुणी असते? उघडा कुलूप." शापाला मात्र ती पाहुणीच वाटली. जेवण झाल्यावर ती जरा आडवी झाली, आणि पलंग रिकामा राहिला.

धाकटी कुमुदवल्ली धावत आली. या मुलीला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीचे 'का' हवे असे. तिने चित्राला डोळा लावून पाहिले. एका मोडक्या गाडीआड ताई कानांवर हात ठेवून बसली होती.

खिडकीतल्या चाफ्यावर एक धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, या चित्रासमोरच्या भिंतीवर दुसरे चित्र लाव. थकलेल्याला तिकडे जावेसे वाटले, तर आतली माणसे खाली उतरतील. तीनदा लावता येईल. चौथ्यांदा भिंत खिळा घेणार नाही."

"कसले चित्र लावू?"

"ते मला ठाऊक असते तर मी पक्षी कशाला राहिलो असतो?"

कुमुदने खजिन्यातून रत्नजडित मोराचे चित्र आणवले. भिंतीवर जाताच मोर नाचू लागला. सारा महाल लखलखला. त्या झगमगाटाने चित्रातले घोडे बुजले, सैरावैरा धावले, आणि ताईच्या शेल्याचा पदर टापेखाली फाटला. कुमुदने मोर घाईने उतरवला.

मग ती पूर्वेच्या डोंगरावरच्या यक्षिणीकडे गेली आणि निळ्या डोहाचे चित्र घेऊन आली. डोह इतका शांत, की खिळा ठोकता ठोकता कुमुदलाच पेंग आली. वैद्यगुरूंनी मान वर केली, एक पाऊल पुढे टाकले. पण तहानलेले घोडेस्वारही होते. सारी फौज भाले सरसावून डोहाकडे वळली. कुमुदने चित्र ओढून काढले.

आता एकच चित्र लावता येणार होते. ती उठली आणि सात दिवस चालत कपिलाक्षाच्या गुहेपाशी पोहोचली.

"कोण तू?"

"रणधवलाची धाकटी मुलगी."

"शाप मागे घ्या, म्हणून आलीस?"

"नाही. विचारायला आले. त्या दिवशी तुम्हाला समोर काय दिसायला हवे होते?"

कपिलाक्ष म्हणाला, "हे मला कोणी विचारले नव्हते. मुली, ते जळणारे गाव माझे आहे. मी नदीवर गेलो होतो, म्हणून वाचलो."

कुमुदची मान खाली गेली. त्या चित्रासमोर ती लहानाची मोठी झाली होती. गावाकडे तिने कधी नीट पाहिलेच नव्हते. मग तिने विचारले, "जळायच्या आधी ते कसे होते?"

तो सांगत गेला. ती कोळशाने आणि गेरूने कापडावर काढत गेली. तिचा हात काही चित्रकाराचा नव्हता.

"हे कुत्रे कुठले?" कपिलाक्षाने विचारले.

"शेळी आहे ती."

"मग कान खाली पाड तिचे," तो म्हणाला, आणि कित्येक वर्षांनी हसला.

कुमुद परतली, तेव्हा राजा महालाच्या दारात उभा होता. कापड पाहून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "शत्रूचे गाव? माझ्या भिंतीवर?"

"बाबा, ताई आत आहे."

राजा बाजूला झाला.

चित्र भिंतीवर चढले. आधी जळत्या घरांतली माणसे उतरली. एक म्हातारा, कडेवर मुले घेतलेल्या बाया, एक शेळी. फरशीवर काजळीची पावले उमटवत ती पलीकडच्या चित्रात शिरली आणि आपापल्या दारांतून आत गेली. घोडेस्वारांनीही पाहिले, पण ज्या गावाला आग लावली त्याच्या वेशीत पाऊल टाकायची त्यांची छाती झाली नाही. शेवटी पाहुणे आले. ते मधेच, फरशीवर थांबले, कारण त्यांची गावे दुसरी होती.

"कुमुद, किती मोठी झालीस ग!" इंदुलेखा म्हणाली, आणि बहिणीच्या गळ्यात पडून रडू लागली.

राजा विजयाच्या चित्रापाशी गेला. आता तिथे रिकामी घरे जळत होती आणि फौज कोणावर चालून जावे हे न कळून उभी होती. त्याने कितीतरी वेळ ते पाहिले. मग स्वतःच्या हाताने एकेक खिळा उपटला. कोणी किंचाळले नाही.

दुसऱ्या दिवशी राजा पायी कपिलाक्षाकडे गेला, आणि त्याला काय म्हणाला ते त्या दोघांनाच ठाऊक. पंधरवड्याने दोघे बरोबर आले. राज्याच्या वाटांवर पुन्हा पाहुणे दिसू लागले होते. कपिलाक्ष पलंगावर बसून आपल्या गावाच्या चित्राकडे पाहत राहिला, आणि पाहता पाहता आडवा झाला. ऊन अंगणात उतरले तरी तो उठला नाही. राजा रणधवल दाराशी चौरंगावर बसला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ओठांवर ठेवून सांगत होता, "हळू चाला. माझा पाहुणा झोपला आहे."