दिगंबरशेठचं पातेलं

सांगलीच्या दिगंबरशेठ मांडक्यांच्या मिशा त्यांच्या नव्या मॉलपेक्षा उंच होत्या, असं म्हणतात. मी काही मोजल्या नाहीत. मॉलच्या जिन्याभोवती शेठनी आग अडवणारी महागडी काच बसवायला काढली, पण तिच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी ठेवल्या पोकळ. आतला उष्णता शोषणारा आगरोधक भराव बाहेरून दिसतो कुणाला?

आर्किटेक्ट वृषाली या कामाच्या मंजुरीवर सही करेना. "आगीत चौकट वितळेल, काच खाली येईल आणि लोकांना पळायला जिनाच उरणार नाही."

"वितळेल?" शेठ भर मीटिंगमध्ये गरजले. "अहो मॅडम, आमच्या घरी रोज ॲल्युमिनियमच्या पातेल्यात दूध तापतं! आणा रे ते पातेलं. नाही वितळलं तर सही करायची, नाहीतर मी दुसरा आर्किटेक्ट बघतो."

पातेलं आलं, शेगडी आली, दूध उकळलं. पातेलं ठणठणीत! शेठनी मिशीला पीळ भरला. "करा सही!"

"करते की," म्हणत वृषालीनं सगळ्यांच्या कपांत दूध ओतलं आणि रिकामं पातेलं पुन्हा मोठ्या आचेवर ठेवलं. थोड्या वेळात बूड लोंबायला लागलं.

"अहो, बंद करा!" शेठ किंचाळले. "पातेलं गेलं!"

"दूध होतं तोवर टिकलं, शेठ. तुमच्या चौकटी तर रिकाम्याच आहेत. आग लागली की त्यांत दूध ओतायला तुम्ही येणार, की आत्ताच भराव घालू?"

शेठनी स्वतःच शेगडी बंद केली. "घाला भराव," ते हळूच म्हणाले, "पण हे पातेल्याचं आमच्या हिला कुणी सांगू नका."