डाव्या हाताचा रामराम

"डाव्या हातानं कुत्रं हाकलत्यात, फादर. माणूस न्हाई. मग ही माणसं मला कशापायी हाकलत्यात?"

फादर इनास मच्याडो दह्याच्या रिकाम्या डब्यात मिरचीचं रोप लावत होते. मान वर न करताच काहीतरी बोलले.

"ऑ?" आक्काताई ओरडली.

फादर पुन्हा बोलले. ओठ हलले, तेवढे दिसले.

"मोठ्यानं बोला की वो!"

मोठ्यानं बोलून तरी काय उपयोग? आक्काताई चौगुलेची फटफटी फाटकाशी उभी होती, आणि सुरूच होती. दारात गाडी बंद करायची तिला सवयच नव्हती. बावीस वर्षं शिरोळ तालुक्यात तिनं फटफटीला किटल्या बांधून घरोघर दूध घातलं. दर दहा पावलांवर थांबायचं. प्रत्येक दारात बंद करून पुन्हा किक मारत बसली असती, तर पाय कंबरेतून निखळला असता.

फादर तिसऱ्यांदा बोलले.

आक्काताईनं चरफडत जाऊन चावी फिरवली. एकदम इतकं शांत झालं, की तिला आपलाच श्वास ऐकू आला.

"हां. आता बोला. काय म्हणत होता?"

"चहा घेतेस का, विचारत होतो."

गाव ऑस्ट्रियाच्या डोंगरातलं. फादर मूळचे वसईचे, तीस वर्षांपासून इथल्या चर्चमध्ये. आक्काताईची लेक वैजू इथल्या दवाखान्यात नर्स, आणि तिच्या बाळंतपणासाठी आक्काताई तीन महिन्यांकरता आलेली. मराठी कळणारी माणसं गावात ही एवढीच. जावई इथलाच, स्वभावानं गरीब. त्याची जुनी फटफटी गोठ्यात धूळ खात पडली होती.

आक्काताईनं ती पुसली, तेल घातलं, चालू केली, आणि तोंड वाकडं केलं.

"मुकी हाय ही."

मग पाना घेतला आणि सायलेन्सरच्या आतली नळीच काढून टाकली. बाई चौथी शिकलेली, पण कच्ची नव्हती. परदेशात चालवायचं लायसन कोल्हापुरातनंच रीतसर काढून आणलं होतं.

गाडी बोलायला लागली. गाव मात्र बोलेना.

फादरनी चहा आणला. पायरीवर बसले.

"कोण हाकलतं तुला?"

"फटफटीवाले. रविवार आला की खिंडीकडं धा-धा, पंधरा-पंधरा गाड्या जात्यात. समोरनं आले की डावा हात असा खाली सोडत्यात, गुडघ्यापाशी. दोन बोटं रस्त्याकडं. हट म्हटल्यागत."

"मग तू काय करतेस?"

"मी रेस देते. फुल्ल! आमच्यात तोच रामराम."

"आणि ते?"

"जात्यात निघून."

फादरनी चहाचा घोट घेतला.

"गावाकडं माझा आवाज आला की गल्लीतल्या बायका पातेली घेऊन दारात," आक्काताई म्हणाली. "हाक मारायला लागायची न्हाई, कडी वाजवायला लागायची न्हाई. तान्ही पोरंसुदिक त्या आवाजानं दुधासाठी तोंड उघडायची."

"आणि इथं?"

आक्काताईनं कपात पाहिलं.

"इथं खिडक्या लावत्यात..."

मग तीच उसळली.

"फटफटी हाय ती, फादर! फटफट न्हाई केली तर काय म्हणायचं तिला?"

फादरनी आणखी एक रोप उचललं. मुळाची माती हलकेच झाडली.

"तू माझ्याकडे काय मागायला आलीस, बाय?"

आक्काताई मागणारी बाई नव्हती. तिला जीभ वळवायला जरा वेळ लागला.

"बावीस वर्षं चालवली. एकटीनं. बाईमाणूस फटफटीवर म्हणून गडी हसायचे आन् बायका तोंडाला पदर लावायच्या. जोडीला कोण आलं न्हाई. हितं बायका चालवत्यात, फादर. माझ्यापरास म्हाताऱ्या! एकदा, फकस्त एकदा मला रांगेत चालवायची हाय. पुढं गाडी, मागं गाडी, मधी मी. बारा दिवसांनी माझं इमान हाय."

"हं."

"येत्या रविवारी तुमी त्यांच्या गाड्यांवर पाणी शिंपडणार म्हणं. आशीर्वाद देणार. मग समदे मिळून खिंडीपल्याड जाणार. तुमी नुसतं सांगा, हिला घ्या. तुमचा शब्द खाली पडायचा न्हाई."

"मी सांगितलं तर घेतील."

"मग झालं तर!"

"मग तू माझी पाहुणी म्हणून जाशील. तो खाली सोडलेला डावा हात म्हणजे त्यांचा रामराम आहे, तो परत केलास तर त्यांच्यातली म्हणून जाशील."

आक्काताईनं कप पायरीवर आपटला.

"मग काय करू? डावा हात करू? मेले तरी न्हाई. ल्हानपणी पावण्याला डाव्या हातानं तांब्या दिला, तर आईनं पाठ शेकली होती माझी. ज्यानं धुवायचं, त्यानं रामराम?"

"मग उजव्या हातानं कर."

"ऑ?"

आता गाडी बंद होती. नीट ऐकू आलं होतं. तरी ती 'ऑ' म्हणाली.

"तुझ्या रीतीनं कर," फादर म्हणाले. "उजव्या हातानं, कपाळाला लावून. कोण अडवतंय?"

ते उठले. हात धुतले. परड्यातली चार फुलं तोडून खिशात घातली, आणि खुंटीवरचं शिरस्त्राण डोक्यावर चढवलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पांढऱ्या दाढीवर पट्टा आवळून तयार.

"चल. खिंडीतल्या क्रुसाला फुलं घालायची आहेत. मला वर सोड."

"माझ्या मागं बसणार? आवाज सोसंल?"

"आवाज तू करणार. मी फक्त बसणार."

निघाले. खोटं कशाला सांगू, डोंगर हादरला. गल्लीत एकामागून एक खिडक्या लागत गेल्या. आक्काताईनं ते पाहिलं, आणि मुद्दाम आणखी रेस दिली. आत काहीतरी दुखलं की तिची मूठ अशीच वळायची.

चढ लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला समोरून गाड्या आल्या. लांबलचक रांग, एकामागे एक. पहिल्याचा डावा हात खाली आला. दोन बोटं रस्त्याकडं.

फादरनी तिच्या खांद्यावर थाप मारली.

आक्काताईनं उजवा हात उचलला. ताठ. कपाळाला लावला. रामराम!

पहिली गाडी गेली. दुसरी आली. आता एकाला केला आणि मागच्याला नाही, हा कुठला न्याय? हात तसाच ठेवला. तिसरी आली. हात तसाच. पंगतीत एकाच्या पानात वाढायचं आणि दुसऱ्याला वगळायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं.

पण रेस त्याच हातात असते ना! मूठ सुटली तशी गाडीची हवा गेली. एरवी डाव्या हातानं आपोआप क्लच दाबला असता. पण लक्ष गाडीकडं होतंच कुठं? माणसांकडं होतं.

चौथ्या रामरामाला गाडीनं दोन गचके दिले, आणि बसली.

आक्काताईनं दोन्ही पाय रोवून ती कशीबशी तोलली. फादरचं शिरस्त्राण तिच्या शिरस्त्राणावर ठक्कन आपटलं.

शांत.

कुठंतरी खाली पाणी वाहत होतं. गाईच्या गळ्यातली घंटा हलली...

"बघितलंत?" तिचा आवाज कापरा झाला होता, रागानं म्हणा किंवा लाजेनं. "तुमचं ऐकलं आन् चढावर फजिती झाली. समद्यांच्या म्होरं!"

फादर उतरले. रस्त्याकडेच्या दगडावर ऐसपैस बसले.

वळणापलीकडं ब्रेक दाबल्याचा आवाज झाला. एक गाडी माघारी वळली. तिच्यामागं दुसरी. मग तिसरी.

पहिल्या गाडीवरून बाई उतरली. डोक्यावरचं काढलं, तर पांढरीशुभ्र वेणी पाठीवर पडली. आक्काताईपेक्षा पंधरा वर्षांनी तरी मोठी.

"हेडविग," बाई छातीवर हात ठेवून म्हणाली. हातमोजा ओढून काढला आणि हात पुढं केला.

उजवा.

आक्काताईनं आपला हात जावयाच्या जाकिटाला पुसला आणि दिला. त्या बाईची पकड धार काढणारीची होती. ती पकड आक्काताईला ओळखू येणार नाही तर कुणाला?

दुसरा उतरला. मोजा काढला, उजवा हात. तिसरा, तोच प्रकार. एकूण सात जण. मग सातही जण गाडीभोवती बसले. एकानं पेट्रोल हुंगलं, एकानं प्लगची वायर चाचपली, एक ढेरपोट्या तर थेट रस्त्यावर आडवा होऊन खालून बघायला लागला.

"फादर, गाडीला कायबी झालं न्हाई म्हणावं यांना. मीच हात काढला म्हणून बसली."

"सांगितलं."

"मग जात का न्हाईत?"

"तेही विचारलं. म्हणतात, रस्त्यात कुणी थांबलेलं दिसलं की थांबायचं. यांची रीत आहे."

"कारण नसलं तरी?"

फादरनी तेही त्यांना विचारलं. साती जणांना प्रश्न काही कळलेला दिसला नाही.

हेडविग मागच्या बाजूला गेली. सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं. आत काहीच नव्हतं. काळं बोट बाहेर काढून तिनं बघितलं, आणि मान मागं टाकून अशी हसली, की झाडावरचे पक्षी उडाले. मग काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, हिचं पोट कुणी काढलं?"

"म्या!" आक्काताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या हातानं! सांगा."

सांगितलं. हेडविगनं भुवया उंचावल्या. मान डोलावली; कारागिरानं कारागिराला डोलवावी तशी. मग बोट नाचवत दोन वाक्यं बोलली.

"रविवारी नऊला, चर्चसमोर. ये म्हणते. पण पोट परत घालून ये."

आक्काताईच्या मनात लाडू फुटले. पण ती आक्काताई होती. सरळ 'बरं' म्हणेल तर शप्पथ.

"आन् न्हाई घातलं तर?"

फादरनी विचारलं. हेडविगनं जरा विचार करून उत्तर दिलं.

"तरी ये म्हणते."

"मग!"

"पण सगळ्यांच्या मागून चालव म्हणते. त्यांना एकमेकांच्या गाड्या ऐकू याव्या लागतात. कुणाची मागे राहिली, कुणाची बसली, ते आवाजावरूनच कळतं."

"मागनं कशापायी? म्या मधी चालवणार."

"मग पोट घालावं लागेल."

आक्काताईनं रस्त्याकडं पाहिलं. त्या सात गाड्यांकडं पाहिलं. तिच्यासाठी थांबलेल्या सात गाड्या, आणि एकीचाही आवाज नाही.

"गोठ्यातच हाय," ती म्हणाली. "फडक्यात गुंडाळून ठेवलंय. आजच बसवते. सांगा तिला. आन् हेबी सांगा, की पान्याचं काम मला कोण शिकवायला नगं."

हेडविगनं ऐकलं आणि तिच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. आक्काताईनं परत केला. दोघींच्या जाकिटांतून धूळ उडाली.

आता दारात आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं? हा रस्ता असेना का, गाडी तर आपली. आक्काताईनं पिशवीतून डबा काढला. लेकीसाठी वळलेल्या डिंकाच्या लाडवांतले काही तिनं फादरसाठी आणले होते. आठ होते.

"घ्या. उजव्या हातानं घ्या!"

सगळ्यांनी घेतले. ढेरपोट्यानं अख्खाच तोंडात टाकला, आणि डिंकात त्याचे दात असे रुतले की त्याला 'हां'ही म्हणता येईना.

"हळू, मेल्या! फादर, सांगा त्याला, हे बाळंतिणीचं खाणं हाय."

फादरनी सांगितलं. एक क्षण गेला... आणि सगळा घाट हसायला लागला. ढेरपोट्यानं आपली ढेरी दोन्ही हातांनी उचलून दाखवली. हेडविगला हसता हसता ठसका लागला. तिनं आक्काताईचा दंड धरला आणि तो सोडायचं विसरूनच गेली.

एका बाईला दुसऱ्या बाईची भाषा कळत नव्हती. तरी दोघी बोलत होत्या. ही चेन दाखवायची, ती टायर दाखवायची. ही किटल्या कशा बांधायच्या ते हातवारे करून सांगायची, ती आपल्या गुडघ्यावरचा पडल्याचा व्रण पॅन्ट वर करून दाखवायची. मग हिनंही आपला दाखवला.

ऊन चांगलंच चढलं. आक्काताईला एकदम भान आलं.

"आगं बया, फादर! तुमची फुलं खिशात सुकली. चला, क्रुसापर्यंत जायचंय न्हवं?"

तिनं शिरस्त्राण चढवलं. गाडीवर बसली. पाय किकवर ठेवला. रस्ता वरही रिकामा होता आणि खालीही.

फादर दगडावरून हलले नाहीत. बोटाला लागलेलं तूप त्यांनी सावकाश चाटलं.

"किक मारू नकोस, बाय. यांच्यातले दोघं मागे राहिलेत, त्यांच्या गाड्या ऐकू येऊ देत."